फळीवरची शेवटची जागा

विजेवरच्या गिटारी गावात नव्यानेच आल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. शाल्मलीने गिटारचा आवाज बदलणारी दोन जुनी पेडलं स्वस्तात मिळवली आणि खाटेच्या मोडक्या फळीवर बसवायला घेतली. एक आवाजाला गुरगुर आणायचं, तो गुरगुऱ्या; दुसरं त्याचा प्रतिध्वनी उठवायचं, तो प्रतिध्वनी.

"मी महागाचा. गिटारजवळ मीच बसणार," प्रतिध्वनी म्हणाला. शाल्मलीनेही त्यालाच पहिलं बसवलं; आता गिटारचा सूर आधी त्याच्यातून आणि मग गुरगुऱ्यातून जाणार होता.

तिने तार छेडली. प्रतिध्वनीने एका सुराचे अनेक केले, गुरगुऱ्याने ते सगळे एकत्र चिरडले, आणि खोलीभर नुसता कालवा झाला.

"हे प्रतिध्वनीचं पेडल बिघडलंय वाटतं. परत देऊन टाकते," असं पुटपुटत ती पाणी प्यायला गेली.

प्रतिध्वनी घाबरला. "माझे सूर का चिरडतोस रे?"

"समोर येईल ते चिरडणं हेच माझं काम," गुरगुऱ्या म्हणाला. "पण मी आधी आणि तू नंतर बसलास, तर काय होईल? मला बघायचंच आहे."

"मी शेवटी?" प्रतिध्वनीला ते लागलं. पण परत जाण्यापेक्षा हे बरं म्हणून तो म्हणाला, "चल, बघू तरी."

दोघांनी जोडणीच्या तारा सोडवून जागा बदलल्या आणि तारा पुन्हा जोडून घेतल्या.

शाल्मलीने परत येऊन पुन्हा वाजवलं. आधी खणखणीत गुरगुर उठली. मग तीच, डोंगरावरून परतल्यासारखी, हळूहळू मऊ होत गेली. शाल्मलीचा हात थांबला, तरी खोली वाजतच होती.

"अजून कोण बोलतंय?" गुरगुऱ्याने हळूच विचारलं.

प्रतिध्वनीला उत्तर द्यायला सवड नव्हती; तो अजून गुरगुऱ्याचाच सूर परतवत होता.