अध्यक्षांचं भाषण कुठे अडलं?

संस्थेचे अध्यक्ष अहिरराव बोलायला लागले की थांबत नसत. एकदा त्यांनी फतवा काढला, की जनसंज्ञापन विभागातल्या प्रत्येकानं आपली पार्श्वभूमी आणि संशोधनाचा विषय त्यांना समक्ष सांगायचा. जो विषय पटणार नाही, तो बंद!

वृत्तपत्रातून आलेले आणि आकाशवाणीतून आलेले प्राध्यापक निभावले. उरल्या सुलक्षणा बनकर.

"माझे वडील शाहीर. त्यांच्यामागे उभी राहून मी 'जी रं जी जी' म्हणायची," त्या म्हणाल्या. "म्हणून माझा विषय आहे, ऐकणाऱ्याचा हुंकार."

अहिरराव खो खो हसले. "अहो, खरा मान बोलणाऱ्याचा! हुंकारावाचून कुणाचं अडलंय?"

आणि ते स्वतःच्या गाजलेल्या भाषणांचे किस्से सांगू लागले. सुलक्षणाबाई "हं… हो का?… मग?" म्हणत राहिल्या. साहेबांना असा चेव चढला, की समोरचा चहा निवून गेला.

किस्सा ऐन रंगात आला आणि बाई गप्प झाल्या. नजर साहेबांवरच, पण हूं की चूं नाही. साहेब अडखळले. तेच वाक्य पुन्हा म्हणाले. घसा खाकरला. शेवटी कासावीस होऊन त्यांनी विचारलं, "बाई, ऐकताय ना?"

"शब्द न् शब्द ऐकतेय, साहेब. फक्त हुंकार देणं थांबवलं, तर भाषण आपलं अडलं."

अहिरराव मग, जन्मात पहिल्यांदाच, नुसतं म्हणाले,

"हं."