क्रूसामागची झावळी

फार वर्षांपूर्वी वसईकडच्या एका गावात, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी लोकांनी ताडाची एक झावळी उंच धरून "होसान्ना!" असा येशूचा गजर केला. झावळीला वाटलं, हा जयजयकार आपलाच.

तिला घरी घेऊन आलेल्या आयरीनबाईंनी ती भिंतीवरच्या क्रूसामागे खोचली. झावळी फणफणली, "मला मागे? सकाळी अख्खं गाव मान वर करून माझ्याकडे बघत होतं!"

ज्या खिळ्यावर क्रूस टांगला होता तो म्हणाला, "अगं बाई, मी कायमचाच मागे आहे. क्रूस नीट दिसला की माझं भागलं."

झावळीने त्याच्याशी बोलणंच टाकलं. वर्षभरात ती वाळून कोळ झाली. ईस्टरआधीच्या उपवासांची सुरुवात करणारा राखेचा बुधवार जवळ आला, तशा रीतीप्रमाणे जुन्या झावळ्या जाळायला नेल्या. "संपले मी! आता मला कोण ओळखणार?" ती जाळात कळवळली.

बुधवारी फादरांनी त्या राखेत अंगठा बुडवला आणि आयरीनबाईंच्या कपाळावर क्रूस रेखला. मग म्हाताऱ्या नाखव्याच्या, मग कडेवरच्या लेकराच्या. जिकडे पाहावं तिकडे क्रूसच दिसत होता, झावळी कुठेच दिसत नव्हती.

आणि झावळीही, स्वतःला शोधायचं विसरून, समोरच्या कपाळावरच्या क्रूसाकडे बघत राहिली.