तेलाची बाटली आणि भिंतीवरचं कॅलेंडर

कोळशाची इंजिनं जाऊन डिझेलची आली, त्या काळची गोष्ट. घाटाखालच्या शेडमध्ये भिंतीवरच्या कॅलेंडराचं राज्य होतं. त्याने एखाद्या इंजिनाची तारीख दाखवली की मिस्त्री त्याचं पोट उघडायचे, मग ते ठणठणीत का असेना.

तिथेच एक काचेची बाटली होती. फेरीवरून आलेल्या प्रत्येक इंजिनाचं थोडं तेल तिच्यात काढायचे. एका सकाळी धुरपती इंजिनाचं तेल तिच्यात पडलं आणि तळाशी तांब्याचे कण चमकले. बाटलीने लगेच ओळखलं. धुरपतीच्या आतलं बेअरिंग झिजत होतं, आणि दुपारी तिला मालगाडी घेऊन घाट चढायचा होता.

"जाऊ नकोस गं बाई!" बाटली ओरडली.

"मला काय धाड भरलीय?" धुरपती म्हणाली, पण आवाज बसलेला.

"तिची तारीख पुढच्या महिन्यात," कॅलेंडर फडफडलं. "आज गजरा इंजिनाची पाळी. वीतभर बाटली, मला शिकवतेस?"

"मेल्या, दुखणं काय तुझी पानं बघून येतं? नागोराव मिस्त्री, धुरपतीला उघडा. मी खोटी निघाले तर मला दगडावर आपटा!"

नागोरावांनी बाटली उजेडात धरली आणि पाना उचलला. बेअरिंग पापडासारखं पातळ झालं होतं. घाटात ते फुटलं असतं, तर धुरपती थेट भंगारात गेली असती.

गजराचं तेल स्वच्छ निघालं. मालगाडी तिनेच ओढली. चौथ्या दिवशी धुरपतीही शिट्टी मारत घाट चढली.

"मग आता मी काय करू?" कॅलेंडराने विचारलं.

"तू सणवार सांग," बाटली म्हणाली. "दुखणी मी बघते."