साळुंकीचा पाट

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या दिवशी श्रावण शुद्ध दशमी होती. सकाळी भुरभुर पाऊस पडून गेला होता, वारा नव्हता आणि अंगण शेवाळाने निसरडे झाले होते. त्या निसरड्या अंगणात एका वाढप्याची बायको पाय घसरून पडली.

वाढपी म्हणजे पंगतीत वाढणारा. पंचक्रोशीत कुठेही लग्न असो, मुंज असो, वाढायला हाच. त्याचा आग्रह मोठा नामांकित होता. ‘नको’ म्हणणाऱ्याच्या पानात तो दोन वाढायचा आणि ‘पुरे’ म्हणणाऱ्याच्या पानात चार. रिकामे पान दिसले की त्याच्या जिवाची घालमेल व्हायची. लोक म्हणत, “याच्या पंगतीतून उठायला माणसाला दुसऱ्याचा हात लागतो!”

हाडवैद्याने बायकोच्या मांडीला बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितले, “दोन महिने उठायचं नाही.”

ती हळूच नवऱ्याला म्हणाली, “माझं राहू द्या. परसातल्या पाटाकडे बघाल ना?”

हा पाट म्हणजे एक जुना जेवणाचा पाट. खाली बाभळीचा खांब, वर हा पाट, कडेने बोटभर उंचीची पट्टी. मांजराला दबा धरता येऊ नये म्हणून तो कुंपणापासून चांगला लांब रोवलेला होता. त्यावर ती रोज बाजरी आणि तांदळाची कणी टाकायची. चिमण्या यायच्या, होले यायचे, बुलबुल यायचे. आणि एक लंगडी साळुंकी यायची. तिला ती ‘माहेरवाशीण’ म्हणायची. कारण ती येई, खाई, खूप तक्रारी सांगे आणि निघून जाई. या जोडप्याला मूलबाळ नव्हते. घरात जो काही किलबिलाट होता, तो त्या पाटाचा.

“अगं, वाढायचंच काम ना?” वाढपी हसला. “ते तू मला सांगतेस?”

आता बिछान्यावरून तिला परस दिसत नव्हते. फक्त ऐकू येई. डोळे मिटून ती पडल्या पडल्या सांगायची, “हा होला. या दोघी चिमण्या भांडतायत. आली, माझी माहेरवाशीण आली.” एवढ्यावर तिचा दिवस जायचा.

वाढप्याने मनापासून वाढले. सकाळी ओंजळभर, दुपारी ओंजळभर, संध्याकाळी वर आणखी थोडे. पाटाच्या चारही कोपऱ्यांना लहान भोके होती. त्यांतून दाणे गळताना दिसले, तेव्हा त्याला हसू आले. “ताटाला कधी भोकं असतात का?” असे म्हणून त्याने ती चिकणमातीने बुजवली. वरून श्रावणाच्या सरी येत होत्या, ऊन येत होते, पुन्हा सरी येत होत्या. आणि पाट काही केल्या रिकामा होत नव्हता.

भाद्रपद लागला आणि एका सकाळी खांबाखाली एक चिमणी पिसे फुलवून बसलेली दिसली. तो जवळ गेला तरी ती उडाली नाही. दुपारपर्यंत ती मेली. त्याने ती पेरूच्या झाडाखाली पुरली आणि घरात काही सांगितले नाही. मग आणखी काही मेल्या. मग बुलबुल दिसेनासे झाले, मग होले, आणि एके दिवशी साळुंकीही आली नाही.

वाढप्याला एकच उपाय ठाऊक होता. त्याने आग्रह वाढवला. दाण्यांवर दहीभात घातला, त्यावर लाडवाचा चुरा घातला. कोणी आले नाही.

आत बायको विचारू लागली, “अहो, आज एवढं शांत कसं?”

तेव्हा त्या भल्या माणसाने काय करावे? तो परसात गेला, भिंतीआड उभा राहिला आणि स्वतःच शीळ घालू लागला. आधी चिमणी झाला, मग होला झाला, मग साळुंकी.

तो आत आला तेव्हा बायको आढ्याकडे बघत होती.

“अहो, आपली माहेरवाशीण आज फार बेसूर झाली हो.”

“पावसाळी हवा. घसा बसला असेल तिचा.”

“आणि मधेच खोकलीसुद्धा.”

वाढपी उंबऱ्यावर मटकन बसला. “कोणी येत नाही गं,” तो म्हणाला. “काही मेल्या, त्या मी पेरूखाली पुरल्या. तुला सांगायची छाती झाली नाही. पण माझं चुकलं कुठं? पाट एक क्षण रिकामा ठेवला नाही मी!”

“धुतला कधी?”

“रिकामा झाला तर धुणार ना!”

ती म्हणाली, “त्यातलं मूठभर आणा. वरचं नको, तळचं.”

त्याने परसात जाऊन पाटावरच्या दहीभातात आणि दाण्यांत हात खुपसला. तळाला उबट, चिकट गोळा लागला. बाहेर काढला तर हिरवा-काळा, बुरशीने भरलेला. त्याने तो आत आणून तिच्यासमोर धरला आणि वासाने स्वतःच तोंड फिरवले.

“पहिल्या पंगतीची उष्टी न काढता,” तिने विचारले, “त्याच पानांवर दुसरी पंगत वाढलीत कधी?”

“छे! लोक उठून जातील.”

“हेही उठून गेले.”

“आणि ज्यांना उठता आलं नाही...” वाढपी हातातल्या गोळ्याकडे बघत म्हणाला.

तिने त्याचा दुसरा, स्वच्छ हात हातात घेतला. “मी रोज सांजेला पाट झाडायचे, धुवायचे. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. इतकी वर्षं तुमच्या डोळ्यांसमोर तर करत होते.”

“डोळ्यांसमोर नव्हतं गं ते,” वाढपी म्हणाला. “पाठीमागे होतं. पंगत उठली की मी हात धुऊन ओसरीवर विडा चघळत बसायचो. पानं कोण उचलतं, शेणगोळा कोण फिरवतं, मी मागे वळून कधी बघितलंच नाही.”

तो उठला, पण दारात थबकला. “अन्न आहे ते. टाकू कसं?”

“अन्न होतं. आता मातीला द्या. खोल पुरा.”

त्याने खोल खड्डा करून सगळे पुरले. पाट राख आणि काथ्याने घासला, उकळत्या पाण्याने धुतला. कोपऱ्यांतली माती खिळ्याने टोकरून काढली. साठलेले पाणी त्या भोकांतून झरझर गेले, तेव्हा ती कशासाठी होती ते त्याला कळले. पाट उन्हात खडखडीत वाळवला आणि मग त्यावर फक्त मूठभर कणी टाकली. सांजेला राहिलेली झाडून काढली, पाट पुसला. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशीही तसेच. ज्याला रिकामे पान बघवत नसे, तो माणूस रोज संध्याकाळी रिकाम्या पाटासमोर बसू लागला.

आधी एक होला आला. मग कुंपणावर चार-दोन चिमण्या दिसल्या.

आश्विन शुद्ध षष्ठी उजाडली. आकाश स्वच्छ होते, दव पडले होते. डोळे मिटून पडलेल्या बायकोला पेज भरवायला वाढपी हलकेच तिच्या उशाशी येऊन बसला. एवढ्यात परसातून कर्कश, तक्रारखोर आवाज आला.

“पुरे झालं हो,” बायको डोळे न उघडताच म्हणाली. “उगाच घसा ताणू नका.”

वाढप्याच्या हातातला चमचा तसाच थांबला होता. तिने डोळे उघडले आणि त्याच्याकडे बघितले. आवाज पुन्हा आला.

पाटावर लंगडी साळुंकी होती. तिने कणी खाल्ली, खूप तक्रारी सांगितल्या आणि ती उडून गेली. सांजेला वाढप्याने पाट धुतला.

पुढे दसऱ्याला गावजेवण झाले. वाढप्याने नेहमीसारखे वाढले. पंगत उठली, तेव्हा तो ओसरीवर गेला नाही. धोतर खोचून पहिले पान त्याने उचलले.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: वाढल्याने अन्नदान अर्धेच होते, उष्टी काढली की ते पुरे होते.