निंबखारीत गाठी का सोडतात

निंबखारीत आलेला नवखा माणूस एखाद्या दिवशी चक्रावतो. गुरं दाव्याविना हिंडत असतात, पोत्यांची तोंडं उघडी, बायकांचे केस पाठीवर मोकळे, आणि पारावर गावातले म्हातारे सोडलेली पागोटी मांडीवर घेऊन बोडक्याने बसलेले. कुणाच्या तरी घरी बाळंतपण चालू आहे, एवढं समजायचं. म्हाताऱ्यांना विचारलं तर ते घसा खाकरून दुसरीकडे बघतात. सांगतात त्या बायका.

फार मागे, म्हणे, गावात साळू नावाची सुईण होती. निम्मं गाव तिच्या हातांवर जन्मलेलं. आईने तिला शिकवलं होतं: कळा देणारीला बसायचं तर बसू दे, उभं राहायचं तर उभं राहू दे. तिला एकटी सोडू नकोस. पोर ओढू नकोस, अडवू नकोस. ती 'आलं' म्हणाली की तिचंच खरं. साळूने तीस वर्षं हे पाळलं. तोवर मध्ये कुणी आलं नव्हतं, म्हणून पाळणं सोपं गेलं.

चांगुणा ही येसाजी पाटलाची सून, पहिलटकरीण. दुपारी तिच्या कळा वाढल्या तेव्हा मूळ नक्षत्र संपायला पाच घटका, म्हणजे चांगले दोन तास उरले होते. मुळावर नातवंड जन्मलं तर घरचा कर्ता जातो, असं पाटलाने ऐकलं होतं. कर्ता म्हणजे तो स्वतः. पारावरच्या चार म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांतल्या एकानेही बाळंतपण कधी पाहिलं नव्हतं.

"थांबवून धर," पाटील दाराबाहेरून म्हणाला.

"पाटील, ते माझ्या हातात नसतं."

"मग सुईण कशाला म्हणवतेस? पाय बांध तिचे."

काय होणार ते साळूला ठाऊक होतं. पण मोठ्यांपुढे मान खाली घालायची सवय तिच्या कामापेक्षाही जुनी निघाली. तिने लुगड्याची पट्टी फाडली आणि चांगुणेचे पाय बांधले. गाठ तिने स्वतः मारली.

"मावशी, सोड गं. आलंय."

"थोडं थांब, बाय."

"मी थांबते गं. ते थांबत नाही."

असं ती सात वेळा म्हणाली, असे सांगतात. आठव्यांदा म्हणाली नाही. मूळ संपलं, साळूने गाठ सोडली. पोर निळं पडलं होतं. दिवस मावळायच्या आत चांगुणाही गेली. "देवाची मर्जी," म्हणत पाटलाने पंचांग मिटलं.

वर्षाने पाटलाची लेक पारू बाळंतपणाला माहेरी आली. साळूला बोलावणं गेलं. ती आली, पण उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"घरातली एकूण एक गाठ सोडा. मग आत येते."

गुरं सुटली, पोती सुटली, बायकांचे अंबाडे सुटले.

"आता तुमचं पागोटं, पाटील."

"येडी झालीस का? पागोट्याचा आणि बाळंतपणाचा काय संबंध?"

"मुळाचा होता तेवढाच."

पाटील हटेना, साळूही हटेना. तेवढ्यात आतून पारू ओरडली, "मावशी, आलंय!"

 चांगुणेचाच शब्द. आणि आताही अडवून धरणारी साळूच होती. पाटलाला तिथेच टाकून ती आत धावली. पारूला उभं राहायचं होतं. साळूने तिला उभं राहू दिलं, पाठीशी आपली छाती लावली, आणि ती सांगेल तसं केलं. पोरगी झाली, आल्या आल्या रडली. तो आवाज ऐकून पाटलीणबाई बाहेर आली. जन्मात नवऱ्यापुढे तोंड न उघडलेली ती बाई. तिने त्याच्या डोक्यावरचं पागोटं ओढलं आणि अंगणभर सोडलं.

पुढे गावाने चांगुणेच्या मरणाचा सगळा दोष पाटलाच्या माथी मारला. साळूला ते सोयीचं होतं, पण तिने होऊ दिलं नाही. "हुकूम त्याचा होता," ती म्हणायची, "गाठ माझी होती. आणि पारूला तर मी नुसत्या रागापायी ताटकळत ठेवलं."

आजही निंबखारीत नवी सुईण पहिल्या बाळंतपणाला निघते तेव्हा पारापुढे उभी राहून सगळ्यांदेखत बोलते: "चांगुणेला मी बांधलं. आता कुणाच्या हुकमाने बांधणार नाही, माझ्या रागानेही नाही." साळूने बांधलं असं म्हणून चालत नाही. 'मी' म्हणावं लागतं. जिच्या तोंडून ते निघत नाही, तिला गावात कुणी बाळंतपणाला बोलवत नाही.