नहरगावच्या हमामाची रिकामी खुंटी

नहरगावच्या कसब्यात, जुन्या सराईच्या मागे, आरबाचा हमाम आहे. बाहेरून पाहिलं तर बुटके घुमट आणि एक काळवंडलेलं धुराडं, इतकंच दिसतं. पण पौष-माघाच्या थंडीत तिथली भट्टी अजून पेटते आणि लेण्यांकडे निघालेले प्रवासी अंघोळीसाठी मुद्दाम वाट वाकडी करून येतात. आधी थंड दालन, मग कोमट दालन आणि सगळ्यात आत गरम दालन. या आतल्या दालनात काळ्या दगडाची फरशी खालून तापते आणि दमलेला माणूस तिच्यावर पाठ टेकून पडतो.

पडतो म्हणजे, यासीनचाचा पडू देतील तेव्हा. हमामाची किल्ली त्यांच्याकडे असते. घाईघाईने आडव्या होणाऱ्या पाहुण्याचा दंड धरून ते त्याला उभा करतात आणि म्हणतात, "आधी वाजवा, साहेब." पाहुण्याने वाकून मुठीने फरशी वाजवायची आणि गप्प उभं राहायचं. काही वेळाने भिंतीपलीकडून, भट्टीच्या बाजूने, माणसाचा आवाज येतो, "बाहेर हाय!" मग खुशाल आडवं व्हावं. आवाज आला नाही तर कपडे चढवून मुकाट परत जावं. तिथे कुरकुर चालत नाही.

मागच्या अंगणात भट्टीचं तोंड आहे. त्याच्या शेजारी भिंतीत एक सागवानी खुंटी आहे, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. तिच्यावर काही अडकवायचं नाही. एका पाहुण्याने तिला कॅमेऱ्याची पिशवी लावली, तर चाचांनी भर लोकांत त्याची अशी खरडपट्टी काढली की बिचारा अंघोळ न करताच गेला. चाचा तसे गोड माणूस, पण या दोन गोष्टींत ते कोणाचं ऐकत नाहीत. का, ते विचारलं की भट्टीजवळच्या ओट्यावर बसवून सांगतात.

निजामशाही बुडायला आली होती त्या काळातली ही गोष्ट, असं म्हणतात. हमाम बांधणारा आरब हकीम कधीच मातीआड झाला होता. भट्टी सांभाळायला मदार नावाचा माणूस आणि त्याची बायको जैनबी होती. लाकूड फोडणं, आग लावणं, राख काढणं ही कामं दोघं मिळून करत. एक काम मात्र एकट्या मदारचं होतं. फरशीच्या खाली गुडघाभर उंचीची पोकळी आहे, दगडी खुंटांवर पेललेली. भट्टीची आच आणि धूर त्या पोकळीतून फिरून धुराड्याला लागतो. तिथे काजळी साचली की फरशी तापेनाशी होते. म्हणून अधूनमधून भट्टी थंड करून मदार तिच्या तोंडातून पोटावर सरपटत आत शिरे आणि खरवडणीने काजळी काढी.

आत जाताना तो कमरेचा लाल पंचा सोडून खुंटीला लावायचा. नुसत्या लंगोटीवर आत जायचा. पंचा खुंटीवर असेपर्यंत आग लावायची नाही, हा नवराबायकोचा नेम होता. काम संपलं की तो बाहेर यायचा, पंचा गुंडाळायचा आणि काळाकुट्ट होऊन नहरीच्या वाहत्या पाण्यावर अंग धुवायला जायचा. खुंटी रिकामी दिसली की जैनबी आग लावायची. इतकी वर्षं यात कधी चूक झाली नव्हती, त्यामुळे हाक मारून विचारावं असं दोघांपैकी कोणाच्याही मनात आलं नाही.

त्या साली पौषात पैठणहून पागोट्यांचा एक व्यापारी तांड्याबरोबर आला. नाव रेवजी कोष्टी. माणूस हसरा, बोलका, सराईत पाय ठेवताच चार जणांशी ओळख करून घेणारा. आदल्या मुक्कामी त्याला कोणीतरी सांगितलं होतं, की आरबाच्या हमामाची फरशी तापायला लागली की दगड फुगतो आणि टकटक वाजतो, जणू बोलतोच. रेवजीला तेव्हापासून त्या फरशीचा ध्यास लागला होता. तांडा दुपारी पुढे निघणार होता. म्हणून सकाळी नदी ओलांडून येताच, बैलं सोडायचीही वाट न पाहता, तो ओल्या धोतराने कुडकुडत हमामाकडे आला.

पुढच्या दालनात कोणी नव्हतं. तो हाका मारत मागे गेला. अंगणातही कोणी नव्हतं. जैनबी लाकडं आणायला वखारीवर गेली होती आणि मदार फरशीखाली होता. भट्टीचं तोंड उघडं, काळं, थंड. शेजारच्या खुंटीवर लाल पंचा लोंबत होता. रेवजी कोष्टीच तो, कापड दिसलं की त्याचा हात आपोआप जायचा. त्याने पंचा चिमटीत धरून पाहिला. जाडाभरडा, पण सुताला पीळ चांगला. काठाला कोणीतरी निळ्या दोऱ्याने हौसेने टाके घातलेले. हमामात पंचा टांगलेला असतो तो गिऱ्हाइकासाठीच, यात विचार करण्यासारखं काय आहे? त्याने ओलं धोतर सोडून कुंपणावर वाळत घातलं, तो कोरडा पंचा कमरेला गुंडाळला आणि आतल्या दालनात जाऊन थंड फरशीवर पाय पोटाशी घेऊन पडला. प्रवासाचा शीण होता, त्याला लगेच डोळा लागला.

जैनबी मोळी घेऊन आली. तिने खुंटी पाहिली. मदार नहरीवर गेला असं समजून तिने भट्टीत पळकाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, रचल्या, वर बाभळीची लाकडं ठेवली आणि गारगोटी झाडली. पळकाट्या चटकन धरतात. आग नीट लागल्यावर तिने, आच आत ओढली जावी म्हणून, तोंडाला लोखंडी पत्रा लावला आणि ती भाकरी टाकायला घरात गेली.

रेवजीला जाग आली ती टकटकीने. त्याच्या कानाखालीच वाजत होतं. तो उठून बसला आणि त्याला हसूच फुटलं. लोक सांगत होते ते खोटं नव्हतं तर! फरशी खरंच बोलत होती. थोडा वेळ त्याने नुसतं ऐकलं. मग, पाहुणा म्हटला की त्याला खोड असतेच, त्याने मूठ वळून वरून वाजवलं. खालचा आवाज एकदम थांबला. आणि मग जोरात, भराभर आला. रेवजी खूश झाला. त्याने बैलाच्या घुंगरांचा ठेका वाजवला. खालून पुन्हा आवाज आला. तो सरकून दुसऱ्या फरशीवर गेला आणि तिथे वाजवलं. आवाज त्याच्यामागे तिथे आला. लहान पोरासारखा तो त्या दगडाशी खेळत राहिला. हळूहळू फरशी कोमट झाली, मग ऊन झाली. खालचा आवाज मंद होत गेला, मग थांबला. दगड पुरता फुगला असेल, असं त्याला वाटलं. अंगातली थंडी निघून गेली होती. इतकं सुख त्याला कित्येक दिवसांत लाभलं नव्हतं, असं तो पुढे स्वतःच सांगायचा.

जैनबी भाकरी घेऊन नहरीवर गेली होती. तिथे मदार नव्हता. धुणं धुणाऱ्या बायकांनी त्याला पाहिलंही नव्हतं. ती परत अंगणात आली तेव्हा रेवजी कुंपणावरचं धोतर चाचपत होता.

"बाई, तुमची फरशी मोठी गप्पिष्ट," तो म्हणाला. "मी वाजवलं की तीही वाजवते. मी सरकलो की मागे येते. अशी करमणूक पैठणातसुद्धा नाही."

जैनबीचं लक्ष त्याच्या बोलण्याकडे नव्हतं. ती त्याच्या कमरेकडे पाहत होती. लाल पंच्याच्या काठाला निळे टाके होते आणि ते तिने स्वतः घातलेले होते.

तिने धावत जाऊन लोखंडी पत्रा हातानेच ओढून फेकला आणि पेटलेली लाकडं नुसत्या हातांनी बाहेर काढायला लागली. रेवजीला काही कळेना. तो "बाई, बाई" करत तिला मागे ओढू लागला. मग तिच्या तोंडून एवढंच निघालं, "आत हाय त्यो." हे ऐकल्यावर रेवजीने तिला सोडलं आणि तोही लाकडं ओढू लागला.

सराईतली माणसं धावली. गरम दालनात एक फरशी उचलता येते, अडीनडीला खालच्या माणसाला वर घ्यायला. पहारीने ती उचलली. मदार नेमका तिच्याखाली होता. खरवडणी हातात होती आणि बोटांची सालटी निघाली होती.

गावातल्या जाणत्यांनी खाली उतरून पाहिलं, तेव्हा आणखी एक गोष्ट उमगली. काजळीत मदारच्या सरपटण्याची वाट स्पष्ट उमटली होती. धुराड्याच्या पायथ्याशी काजळी काढायची एक खिडकी आहे, नुसत्या विटा लावून बुजवलेली. आतून लाथ मारली तर पडेल अशी. धूर येताच मदार त्या खिडकीकडेच निघाला होता. धुराने हाक फुटेना म्हणून वाटेत जाता जाता त्याने वरची फरशी वाजवून पाहिली असावी. निम्म्या वाटेवरून मात्र तो मागे फिरला होता. कारण वरून कोणीतरी उत्तर दिलं. आपलं ऐकू गेलं, आता फरशी उचलतील, असं समजून तो आवाज जाईल तिकडे सरकत राहिला आणि शेवटी उचलायच्या फरशीखाली येऊन थांबला.

दफन झाल्यावर काझीसमोर माणसं जमली. रेवजी मान खाली घालून उभा होता. जैनबीचे दोन्ही हात फडक्यांत बांधलेले होते. तिने पंच्याचं नाव काढलं नाही. एकच विचारलं.

"त्येनं वाजवल्यावर तुमी वाजवलं?"

नाही म्हणता आलं असतं. दालनात दुसरं कोणी नव्हतं. रेवजी म्हणाला, "वाजवलं."

"किती येळ?"

"तो थांबेपर्यंत," रेवजी म्हणाला.

काझीने निवाडा दिला की यात कोणाचा हेतू नव्हता. परगावचा माणूस अजाण होता, बाईने नेमाप्रमाणे केलं, मर्जी अल्लाची. तांडा खोळंबला होता. लोकांनी रेवजीला बैलगाडीत बसवून दिलं. पुढच्या ओढ्यापर्यंत तो गेला. तिथे बैलांनी पाण्यात पाय घातले, घुंगरं वाजली, आणि तो गाडीतून उतरून चालत परत आला.

जैनबी भट्टीच्या ओट्यावर बसली होती. तो समोर उभा राहिला आणि म्हणाला, "सांगाल ते करीन."

तिने भिंतीतल्या खुंटीकडे पाहिलं. मग म्हणाली, "फडक्यावर भरवसा ठेवला, आमचं चुकलं. हितनं पुढं खुंटीला काय लागणार न्हाई. हितं माणूस बसंल. वरच्यानं वाजवलं की खालचा बाहेर हाय का न्हाई, ते माणसानं तोंडानं सांगायचं. जल्मभर."

रेवजी बसला. पैठणला निरोप गेला, भाऊ येऊन रडून गेले, पण तो हलला नाही. त्याने मदारचं काम उचललं. काजळी काढायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा तो भट्टीच्या तोंडाशी गुडघे टेकून थांबला. शेजारी जैनबी बसली होती. मांडीवर गारगोटी होती, बाजूला पळकाट्यांची मोळी होती. तो तिच्याकडे बघून आत शिरला. उचलायच्या फरशीखाली पोचल्यावर त्या अंधारात त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने मुठीने फरशी वाजवली. खूप वेळ काहीच आलं नाही. तिथे पडल्या पडल्या त्याला मदारचं सगळं मरण कळलं, असं चाचा म्हणतात. मग भट्टीच्या तोंडातून बाईचा आवाज आला, "या बाहेर." तो बाहेर आला तेव्हा तिची नजर दुसरीकडे होती. त्यानंतर किती पावसाळे गेले, पण कामाशिवाय ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

रेवजी म्हातारा झाला आणि एका थंडीत गेला. तो गेला त्या दिवशीही हमामात प्रवासी होते, त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांतल्या एकाने रीतीप्रमाणे फरशी वाजवली. उत्तर आलं नाही. माणसं उभी राहिली, एकमेकांकडे बघू लागली. एकाने अंगरखा चढवलासुद्धा. तेव्हा भिंतीपलीकडून म्हाताऱ्या बाईचा फुटका आवाज आला, "बाहेर हाय. आता बाहेर हाय." तिने हे मदारसाठी म्हटलं की रेवजीसाठी, हे गावात कोणालाच ठरवता आलेलं नाही.

आजही ती खुंटी रिकामी आहे. आजही थंडीत भट्टी पेटायच्या आधी तिथे कोणीतरी येऊन बसतो, आणि आतला प्रवासी तापत्या फरशीवर उभा राहून त्या आवाजाची वाट बघतो. तोवर कोणी कोणाशी बोलत नाही. "बाहेर हाय" ऐकू आलं की सगळ्यांचे खांदे सैल पडतात, पाणी ओतलं जातं, हसणं-बोलणं सुरू होतं. उत्तर आल्यावर मात्र तिथे पुन्हा कोणी वाजवत नाही.