बाहुलीला चिकटवलेली मिशी

"अबोल आहे, पण डोकं बरं चालतं. लिहू दे तिला गोष्ट. मिशी काय, मागाहून चिकटवता येईल."

फार पूर्वी एका गावात कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारं एक घर होतं. त्या घरातला सासरा हे आपल्या बायकोला म्हणाला, आणि दाराआड बाहुल्यांचे कपडे शिवत बसलेल्या नव्या सुनेनं ते ऐकलं. लग्नाला चारच महिने झालेले. सुई तिच्या बोटात गेली.

त्या घराची एक रीत होती. खेळात ज्याच्या हुकमानं बाकीचे चालतात, त्या बाहुलीला बोकडाच्या केसांची मिशी लावायची आणि तिचा आवाज सासऱ्यानं द्यायचा. जुने खेळ लोकांना पाठ झाले होते, म्हणून यंदाच्या जत्रेचा नवा खेळ सुनेला लिहायला सांगितला होता.

तिनं लिहिली एका पाणी भरणाऱ्या बाईची गोष्ट. किल्ल्याला वेढा पडतो, किल्लेदार भुयारातून पळतो, पाण्याचं एकच टाकं उरतं. ही बाई कुणाला हुकूम सोडत नाही. "तुमच्या घरात तान्हं कोण?" एवढंच विचारते, पाणी वाढते आणि स्वतः सगळ्यांत शेवटी पिते. हळूहळू शिपाईसुद्धा तिला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत.

जत्रेच्या दिवशी बाहुल्यांची पेटी उघडली, तर पाणी भरणाऱ्या बाईच्या नाकाखाली ही जाडजूड मिशी.

"पुढारी बिनमिशीचा कसा दिसेल, सूनबाई?" सासरा समजुतीनं म्हणाला.

"लुगड्यावर मिशी?" नवऱ्यानं विचारलं.

"धोतर नेसवलंय."

सुनेनं शिपायांच्या दोऱ्या हातात घेतल्या.

पडदा वर गेला. विचारणारा पुढारी सासऱ्याला ठाऊकच नव्हता. त्यानं जुन्या खेळांतल्या राजाचे तोंडपाठ हुकूम गरजून सोडले, आणि हाताच्या सवयीनं पहिला घडा त्या बाहुलीच्याच तोंडाला लावला.

समोरची एक म्हातारी नातवाला उचलून उभी राहिली. "पोरं तहानलीत नि हा ढोसतोय. याच्यापेक्षा पळालेला किल्लेदार बरा, तेवढं पाणी तरी वाचलं."

लोक हसले, मग उठू लागले. सासऱ्यानं सुनेला खुणावलं, तू काहीतरी बोल. तिला सगळा खेळ पाठ होता. सावरता आला असता. तिनं ओठ मिटून घेतले.

मैदान रिकामं झाल्यावर सासू म्हणाली, "गोष्टच पोकळ, त्याला हे तरी काय करणार?"

"उद्या परत खेळ आहे," सासरा म्हणाला. "दुसरी लिही. या खेपेला पुढारी पुढाऱ्यासारखा असू दे."

सुनेनं बाहुली उचलली आणि मिशी ओढून काढली. डिंकाबरोबर ओठाचा रंगही निघाला. या गोष्टीचं तात्पर्य कुणा शहाण्यानं नाही, तिनंच सांगितलं:

"मामंजी, मिशी तुम्ही लावलीत, धोतर तुम्ही नेसवलंत, तोंडात शब्दही तुमचेच घातलेत. हसं झालं तेव्हा मात्र गोष्ट माझी. जी सगळ्यांच्या मागून पिते म्हणून लोक तिच्यामागे जातात, तिलाच आधी पाजलंत, तर मागे राहील कोण? उद्या ती लुगडं नेसून उभी राहील आणि तिचं मी बोलेन. नको असेल तर पेटीत तुमचे मिशीवाले पुष्कळ आहेत. त्यांना उभं करा. दोऱ्या ओढायला मी नाही."